एक्सपान्शन येण्याआधी आपलं मशीन मोजा: स्ट्रॅटेजी गेममधला लॅग ओळखायचा कसा, कमी करायचा कसा

एखाद्या मोठ्या स्ट्रॅटेजी गेमचं एक्सपान्शन, म्हणजे मूळ गेममध्ये भर घालणारा विकतचा भाग, जाहीर झालं की कोल्हापुरातल्या खेळाडूंच्या ग्रुपवर आधी एक वाक्य पडतं, "नकाशा बघितलास काय, नाद खुळा!" आणि तासाभरात दुसरं, "ते खरं रे, पण आपला पीसी उचलंल का?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच रास्त आहे. त्याचं उत्तर ट्रेलरमध्ये मिळत नाही, किमान गरजांच्या तक्त्यातही मिळत नाही. ते तुमच्याच मशीनवर, तुमच्याच जुन्या सेव्हवर (साठवून ठेवलेल्या खेळावर), घड्याळ लावून काढावं लागतं. त्याला एक संध्याकाळ पुरते आणि पैसे काहीच लागत नाहीत.

खाली दिलेल्या पायऱ्या मुख्यतः अंतराळातल्या साम्राज्यांचा स्टेलारिस आणि मध्ययुगीन राजघराण्यांचा क्रुसेडर किंग्ज ३ डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण मोजणीची साधनं या दोन्हींत हाताशी आहेत. व्हिक्टोरिया, युरोपा युनिव्हर्सालिस, सिव्हिलायझेशन किंवा शहर बांधण्याचे गेम खेळणाऱ्यांनाही तत्त्व तेच लागू पडतं.

भीती उगाच नाही

डिसेंबर २०१८ मध्ये स्टेलारिसचं मेगाकॉर्प हे एक्सपान्शन आलं. त्यासोबतच्या २.२ पॅचनं, म्हणजे फुकट अपडेटनं, ग्रहांवरची जुनी चौकटींची पद्धत काढून टाकली आणि लोकसंख्येतल्या प्रत्येक घटकाला नोकरी शोधायला लावलं. कल्पना सुंदर होती. पण शे-दीडशे वर्षं खेळ गेला की हजारो घटकांची मोजदाद सुरू व्हायची आणि खेळातला महिना संपता संपत नसे. एप्रिल २०२१ मध्ये नेमेसिससोबतच्या ३.० पॅचनं लोकसंख्या वाढीलाच लगाम घातला. मग ५ मे २०२५ रोजी ४.० पॅच आणि बायोजेनेसिस आलं. एकेक घटक मोजायचं सोडून त्यांचे गट करायचे आणि ओझं कमी करायचं, हा त्यामागचा विचार होता. तरी पहिल्या काही आठवड्यांत खेळाडूंची मोठी तक्रार वेगाचीच होती. वेग वाढवण्यासाठी केलेला बदलही सुरुवातीला वेग खाऊ शकतो, हे यातून लक्षात ठेवायचं.

क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये ८६७ पासून १४५३ पर्यंतचा काळ खेळता येतो. देवगिरीचे यादव आणि आपले कोल्हापूरचे शिलाहार याच काळातले, म्हणून इकडच्या खेळाडूंचा या गेमवर वेगळा जीव आहे. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेल्या ऑल अंडर हेवननं त्यात चीन, कोरिया, जपान आणि आग्नेय आशिया जोडला. तेव्हाही आनंद आणि धास्ती हातात हात घालून आले, कारण जमीन वाढली की सरदार वाढतात, आणि प्रत्येक सरदाराचं लग्न, वारसा, कटकारस्थान हे सगळं प्रोसेसरलाच बघावं लागतं.

शहर बांधणाऱ्यांना २४ ऑक्टोबर २०२३ चा सिटीज स्कायलाइन्स २ आठवत असेल. तिथे तर बनवणाऱ्यांनी गेम येण्याआधीच मशीनच्या गरजा वाढवल्या आणि ठरवलेला वेग गाठता आला नसल्याचं सांगून टाकलं होतं. निर्माते असं काही आधी बोलले, तर ते शब्दशः खरं धरा.

आधी नाव नीट द्या: लॅग चार प्रकारचा असतो

ग्रुपवर सगळेच "लॅग मारतंय" म्हणतात. पण या एका शब्दात चार वेगवेगळी दुखणी असतात आणि चौघांचं औषध वेगळं आहे.

पहिलं, चित्र अडखळणं. नकाशा सरकवताना झटके बसतात, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो. गेम पॉझ करा आणि मग नकाशा फिरवा. पॉझमध्येही झटके बसत असतील तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे. रिझोल्यूशन, सावल्या, अँटी-अलायझिंग कमी करा, बहुतेक काम होतं.

दुसरं, काळ मंदावणं. नकाशा लोण्यासारखा सरकतो, पण तारीख पुढे जात नाही. स्ट्रॅटेजी गेमचा खरा रोग हाच. ग्राफिक्स कितीही खाली आणलं तरी याच्यावर जवळजवळ काही परिणाम होत नाही, आणि नेमकी इथेच लोकं चुकीच्या ठिकाणी पैसे घालतात.

तिसरं, ठरावीक वेळी बसणारा धक्का. दर महिन्याच्या एक तारखेला किंवा वर्ष बदलताना गेम अर्धा-एक सेकंद थबकतो. एक तारखेला थबकत असेल तर मासिक हिशेब जड झालाय. थबकण्याची वेळ ऑटोसेव्हशी (खेळ आपोआप साठवला जाण्याशी) जुळत असेल तर दोष सेव्ह लिहिण्याचा आहे. ऑटोसेव्ह महिन्याऐवजी सहामाही करा आणि बघा. धक्काही सहा महिन्यांनीच बसू लागला तर गुन्हेगार सापडला.

चौथं, गेम बंदच पडणं. हा वेगाचा प्रश्न नव्हे. मॉड (इतर खेळाडूंनी बनवलेले बदल), बिघडलेली फाइल, कमी पडलेली रॅम किंवा तापलेलं मशीन, यांपैकी काहीतरी असतं.

चरक एकच आहे

हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन उभं राहिलं की हे दोन मिनिटांत कळतं. उसाच्या गाड्या रांगेत, काहिली तयार, चुलवाण पेटलेलं, माणसं हाताशी. पण चरक एकच. रस त्याच्यातूनच निघणार. मग काहिली दोनाच्या चार केल्या तरी गूळ दुप्पट होत नाही.

गेममधला एक दिवस असाच प्रोसेसरच्या एका मुख्य धाग्यातून, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या एकाच रांगेतून, जातो. अमुक राजा मेला का, हे ठरल्याशिवाय वारस कोण ते ठरत नाही. वारस ठरल्याशिवाय युद्ध चालू राहणार की थांबणार ते ठरत नाही. एकमेकांवर अवलंबून असलेली कामं प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरवर (आतल्या स्वतंत्र भागांवर) एकाच वेळी करता येत नाहीत. काही कामं वाटली जातात, आणि नवे पॅच ती वाटणी सुधारतात हेही खरं, पण शेवटी सगळे त्या एका चरकाची वाट बघत थांबतात.

हे स्वतः बघायचं असेल तर गेम फुल स्पीडवर चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा, आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. १२ धाग्यांच्या प्रोसेसरवर एक धागा म्हणजे एकूण क्षमतेचा जेमतेम ८ टक्के. त्यामुळे वर एकूण वापर २५-३० टक्के दिसतो, गेम मात्र रांगतोय. "सीपीयू तर रिकामाच आहे" असं म्हणून खेळाडू ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघतो ते यामुळेच.

मोजणी

नव्या खेळाची सुरुवात मोजून काही कळत नाही. पहिल्या वीस वर्षांत सगळीच मशीनं पळतात. तुमच्याकडची सगळ्यात जुनी, सगळ्यात भरलेली सेव्ह घ्या. स्टेलारिसमध्ये खेळ २२०० सालापासून सुरू होतो, तर निदान २३५० च्या पुढची हवी. क्रुसेडर किंग्जमध्ये सुरुवातीपासून शंभरेक वर्षं पुढे गेलेली चालेल.

मशीन रीस्टार्ट करा. ब्राउझर, डाउनलोड, व्हॉइस चॅट बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा आणि विंडोजचा पॉवर मोड सर्वोच्च कामगिरीवर हवा. बॅटरीवर घेतलेली मोजणी फेकून द्यायच्या लायकीची असते. सेव्ह उघडून लगेच पॉझ करा. नकाशा पूर्ण मागे घ्या, सगळ्या खिडक्या बंद करा, आणि ऑटोसेव्ह मोजणीपुरतं बंद ठेवा. आता सर्वांत जास्त वेग लावा. पहिले दोन महिने नुसते जाऊ द्या. पुढच्या १ तारखेला मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करा आणि एक पूर्ण वर्ष झालं की थांबवा. तीच सेव्ह पुन्हा उघडून असं तीनदा करा. तीन आकड्यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर मागे काहीतरी चालू आहे किंवा मशीन तापतंय.

स्टेलारिसचं वर्ष ३६० दिवसांचं, बारा महिने तीस-तीस दिवसांचे. समजा एका वर्षाला ९० सेकंद लागले, तर सेकंदाला ४ दिवस. हा आकडा वहीत लिहा आणि त्याच्याशेजारी गेमची पूर्ण आवृत्ती, सेव्हमधलं साल, तारकासमूहाचा आकार, साम्राज्यांची संख्या, मॉडची यादी आणि मोजणीची वेळ. एवढं नसेल तर महिन्यानंतर तो आकडा कशाचा होता ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

खेळाडूच्या हातानं फरक पडू नये म्हणून निरीक्षक मोड वापरा. स्टेलारिसमध्ये एस्केपच्या खालचं बटण दाबलं की कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडतो. तिथे ऑब्झर्व्ह हा इंग्रजी शब्द छोट्या अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. तुमचं साम्राज्य संगणकाच्या हाती जातं आणि तुम्ही फक्त बघता. क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये त्याआधी स्टीम (गेम विकत घ्यायचा आणि चालवायचा प्रोग्राम) मधल्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये लाँच ऑप्शनच्या रकान्यात डॅश, लगेच डीबग, अंडरस्कोअर, मोड असं सलग लिहावं लागतं. आयर्नमॅन (मागे जाऊन चूक सुधारता न येणाऱ्या प्रकारच्या) सेव्हवर कन्सोल चालत नाही, तेव्हा मोजणीसाठी साधी सेव्ह ठेवा. सिव्हिलायझेशन ६ वाल्यांना यातलं काहीच नको. मुख्य मेनूतच बेंचमार्क, म्हणजे तयार वेगचाचणी, आहे. त्यात ग्राफिक्सचा वेगळा आणि संगणकाच्या चालीला लागणाऱ्या वेळाचा वेगळा. तुम्हाला दुसरा पाहिजे.

मित्रांसोबत खेळत असाल तर मोजणी सगळ्यात कमजोर मशीनवर करा. या गेममध्ये सगळ्यांचा खेळ एकाच तारखेला पुढे सरकावा लागतो, त्यामुळे सर्वात हळू मशीनसाठी बाकीचे थांबतात. पाचजणांत चौघांकडे तगडे पीसी आणि एकाकडे जुना लॅपटॉप असेल, तर पाचही जण त्या लॅपटॉपच्याच वेगानं खेळतात. सगळ्यांनी मिळून त्या एकाची रॅम वाढवून देणं हा ग्रुपसाठी सगळ्यात स्वस्त अपग्रेड ठरू शकतो.

पॅचच्या आदल्या रात्रीची कामं

डॉक्युमेंट्समधल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह (या गेमची कंपनी) फोल्डरमध्ये त्या गेमचं फोल्डर असतं. ते पूर्ण कॉपी करून पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. नुसतं सेव्हचं नको, पूर्ण फोल्डर, कारण मॉडची रांग आणि सेटिंगही त्यातच असतात. तुमचं डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला) जोडलेलं असेल तर गेमचं फोल्डर त्यातून वगळा. सेव्ह लिहिली जात असताना वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतो आणि मग ऑटोसेव्ह अडकतं.

स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अपडेट्स. तिथे गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर हा पर्याय निवडा. नाहीतर रात्री झोपताना ३.१४ होतं आणि सकाळी उठल्यावर ४.० असतं, आणि तुमची दोनशे वर्षांची मोहीम उघडतच नाही. मोठ्या पॅचनंतर जुनी सेव्ह चालेल अशी आशा धरू नका, स्टेलारिसच्या ४.० मध्ये जुन्या सेव्ह चालणार नाहीत हे आधीच सांगितलं होतं.

मोहीम पूर्ण करायची असेल तर त्याच प्रॉपर्टीजमध्ये नावात बीटाज असलेल्या टॅबवर जुन्या आवृत्त्यांची यादी असते. तिथून आपली आवृत्ती निवडा, गेम तिथेच थांबतो. पॅच आल्यावर यादीत तुमची आवृत्ती दिसते ना, ते आधी तपासा आणि मगच गेम सुरू करा. मॉडचं मात्र लक्ष ठेवा: स्टीमच्या वर्कशॉपमधले मॉड तुमच्या जुन्या आवृत्तीची वाट बघत नाहीत, लेखकानं नवी प्रत चढवली की ती तुमच्याकडेही येते. म्हणून महत्त्वाच्या मॉडची प्रत वेगळी काढून ठेवा.

आधी फुकटचा पॅच मोजा, मग पैसे द्या

या सगळ्या मार्गदर्शनात एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा. एक्सपान्शनच्या दिवशी दोन गोष्टी येतात: विकत घ्यायचं डीएलसी आणि सगळ्यांना मिळणारा फुकट पॅच. वेगावर भार टाकणारे बदल, म्हणजे लोकसंख्येची नवी पद्धत, मोठा नकाशा, संगणकाची नवी बुद्धी, हे बहुतांश फुकट पॅचमध्येच असतं. तुम्ही डीएलसी घेतलं नाहीत तरी नकाशा वाढतोच. याचा उलटा फायदा घ्या: एक रुपया न देता नव्या ओझ्याची चाचणी करा.

पॅच उतरवा. मॉड सगळे बंद. जुनी सेव्ह चालत असेल तर तीच मोजा. चालत नसेल तर आधीच्याच मापाचा नवा खेळ सुरू करा, निरीक्षक मोड लावा, वेग पूर्ण, ऑटोसेव्ह वार्षिक, विंडोजची झोप बंद, आणि रात्री मशीन चालू ठेवून झोपा. सुरुवातीला वर्षाला ४० सेकंद आणि शेवटी १२० लागतात असं धरलं, तर सरासरी ८०. दीडशे वर्षांना १२,००० सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं. सकाळी २३५० ची ताजी सेव्ह तयार. तीवर वरची मोजणी करा आणि वहीतल्या आकड्याशेजारी लिहा. दोन वेगळ्या मोहिमांची तुलना तंतोतंत नसते, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावर निष्कर्ष काढू नका. ९० चे १५० झाले तर मात्र शंका उरत नाही.

हे आधीच करायचं, कारण स्टीमचा परतावा या रोगावर उपयोगी पडत नाही. डीएलसी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि त्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. दोन तासांत तुम्ही खेळाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत असता. लॅग यायच्या कितीतरी आधी परताव्याची मुदत संपलेली असते. प्रीऑर्डर केलीच असेल तर गेम येईपर्यंत ती केव्हाही रद्द करता येते, आणि स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत प्रीऑर्डरची घाई करण्यासारखं त्यात सहसा काही नसतं.

लोकांच्या प्रतिक्रिया वाचताना

पहिल्या दोन दिवसांत "एकदम स्मूथ" म्हणणारा आणि "चालतच नाही" म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. पहिल्यानं सुरुवातीची तीस वर्षं पाहिलीत. दुसऱ्यानं कदाचित जुन्या मॉडसकट गेम उघडलाय. शेवटच्या टप्प्याचा खरा निकाल लागायला दोन-तीन आठवडे जातात, कारण तिथे पोचायलाच वीस-तीस तास खेळावं लागतं.

म्हणून प्रतिक्रियेत चार गोष्टी शोधा: खेळातलं साल, नकाशाचा आकार, प्रोसेसरचं नाव, आणि मॉड होते की नाही. चारही असतील तर ती प्रतिक्रिया सोन्याची. फक्त ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहून "माझ्याकडे ४०७० आहे तरी लॅग" म्हणणाऱ्यानं वेगाबद्दल तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. आणि पॅचनंतर आठ-दहा दिवसांनी आलेल्या दुरुस्तीनंतरच्या प्रतिक्रिया वेगळ्या करून वाचा. पहिल्या आठवड्याचा राग तिसऱ्या आठवड्यात बऱ्याचदा जुना झालेला असतो.

खेळ सुरू करतानाच ओझं कमी करा

इथे सगळ्यात जास्त फायदा आहे आणि इथेच लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. स्टेलारिसमध्ये तारकासमूहाचे आकार २००, ४००, ६००, ८०० आणि १००० ताऱ्यांचे. मध्यम प्रोसेसरवर ६०० ऐवजी ४०० घ्या आणि साम्राज्यं त्याच प्रमाणात कमी करा. सहाशेतली साम्राज्यं चारशेत कोंबली तर ओझं तितकंसं उतरत नाही. राहण्यायोग्य ग्रहांचं प्रमाण अर्ध्यावर आणा. हा पर्याय एकटाच बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करतो, कारण लोकसंख्या कुठे राहणार हे तोच ठरवतो. हायपरलेनची (ताऱ्यांमधल्या रस्त्यांची) घनता आणि गेटवे (दूरवर नेणारी दारं) कमी ठेवा. रस्ते जितके जास्त, तितकं प्रत्येक ताफ्याला वाट शोधायला जड. वेगवेगळ्या जातींच्या संकरातून नव्या जाती तयार होऊ देणारा झेनो-कॉम्पॅटिबिलिटीचा पर्याय बंदच ठेवा. जातींची यादी फुगली की हिशेब फुगतो.

 क्रुसेडर किंग्जमध्ये खेळताना नकाशा मागे घेतलेला ठेवणं, सूचनांची गर्दी कमी करणं आणि नको त्या खिडक्या बंद ठेवणं हे हाती असतं. एफपीएसला ६० ची मर्यादा लावा. लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स एकाच उष्णतेच्या आणि विजेच्या वाट्यावर जगतात. चित्रानं कमी खाल्लं तर हिशेबाला जास्त मिळतं.

मॉडबद्दल एक खूण. गेमच्या फोल्डरमधल्या लॉग्जमध्ये एरर नावाची लॉग फाइल असते. तासभर खेळल्यावर तिचा आकार बघा. ती काही एमबींची झाली असेल तर कुठलातरी मॉड सतत चुका लिहितोय, आणि त्या लिहिण्यातच वेळ जातोय. फाइल उघडली की वारंवार येणाऱ्या ओळींत बहुधा त्या मॉडच्या फाइलचं नाव दिसतं.

ऊन, धूळ आणि वीज

एप्रिल-मेच्या दुपारी मोजणी करा आणि त्याच दिवशी रात्री अकरानंतर पुन्हा करा. दोन आकड्यांत ठळक फरक असेल तर मशीन तापून स्वतःचा वेग कमी करतंय. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडून सीपीयूचं तापमान बघा. लॅपटॉपमध्ये ९५ ते १०० अंशांवर प्रोसेसर स्वतःला आवरता घेतो. स्ट्रॅटेजी गेम तासन् तास चालतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांचं तापमान बघून समाधान मानू नका. पाऊण तासानंतरचं बघा. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उंच करा. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट तीन-चार वर्षं जुनी असेल तर बदला.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या आसपास राहणाऱ्यांनी धुळीकडे जास्त लक्ष द्यावं. ओतकामाची आणि लेथची धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. तिच्यात लोखंडाचे कण असतात, ते वीज वाहतात. मशीन बंद करून, प्लग काढून, ब्लोअरनं साफ करा आणि पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतात ते गरागरा फिरू दिलं तर बेअरिंग जातं. दर दोन-तीन महिन्यांनी हे करावंच.

पावसाळ्यात वीज एका क्षणासाठी जाते आणि येते, आणि ती नेमकी सेव्ह लिहिली जात असताना गेली तर ती फाइल संपली. डेस्कटॉपला निदान ६०० व्हीएचा यूपीएस हवा. तो साधारण ३६० वॅट उचलतो, म्हणजे मध्यम पीसी आणि मॉनिटरला पाच-सात मिनिटं, शांतपणे सेव्ह करून बंद करण्यापुरती. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीए घ्या. एकाच नावानं सेव्ह न करता तीन नावं आलटून पालटून वापरा.

पैसे घालायचेच असतील तर

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात गेलात आणि "गेमिंगसाठी" म्हणालात की समोर ग्राफिक्स कार्ड येणार. दुकानदाराचं चुकत नाही, बहुतेक गेमना तेच लागतं. तुम्ही मात्र प्रश्न वेगळा विचारा: "या प्रोसेसरला एल३ कॅश किती?" लाखो छोट्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळणाऱ्या गेमला प्रोसेसरच्या पोटातली ही जागा फार लागते.

नावांनी फसू नका. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ला ३२ एमबी कॅश आहे. नावानं सख्खे भाऊ वाटणाऱ्या ५५०० आणि ५६००जी ला १६. रायझन ७ च्या ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी ला ९६. जुना एएम४ प्रकारचा मदरबोर्ड असेल तर नुसता प्रोसेसर बदलून हे दोन बसवता येतात, बोर्ड आणि रॅम तीच राहते. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी बघा आणि बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) आधी, जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी अपडेट करा. उलट केलं तर स्क्रीनच येत नाही. या दोन्हींच्या डब्यात कूलर येत नाही, त्याचे पैसे वेगळे धरा. नवं मशीनच जुळवायचं असेल तर एएम५ वरचा ७८००एक्स३डी, त्यालाही ९६ एमबी आहे.

त्याआधी स्वस्तातली तपासणी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडा. दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दिसला, तर त्याच जातीची रॅमची दुसरी काडी घाला. एकाच ८ जीबीवर चालणारे लॅपटॉप घरोघरी आहेत, आणि दुसरी काडी घातली की रॅमही पुरते आणि दोन्ही वाटांनी वाहतेही. वेगाच्या जागी २१३३, २४०० किंवा २६६६ दिसत असेल आणि काडीवर ३२०० छापलं असेल, तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगानं चालवायची सोय) चालू करा. हे फुकट आहे आणि असंख्य पीसींवर राहून गेलेलं असतं. एसएसडीनं गेम लवकर उघडतो, ऑटोसेव्हचा धक्का कमी होऊ शकतो. तारीख मात्र त्यानं पळत नाही.

तक्रार अशी लिहा की कोणीतरी वाचेल

"गेम स्लो झालाय" या ओळीवर कुठलाही प्रोग्रामर काही करू शकत नाही. निर्मात्यांच्या तक्रार विभागात लिहिताना मुख्य मेनूवर दिसणारी आवृत्ती आणि तिच्याशेजारचा चार अक्षरी चेकसम (गेमच्या फाइलींची ओळखखूण) द्या. मॉडशिवायची सेव्ह जोडा. मॉड असलेली सेव्ह पहिल्याच फेरीत बाजूला पडते. डीएक्सडायग या विंडोजमधल्या साधनाचा मशीनबद्दलचा अहवाल आणि एरर लॉग जोडा. मग दोन आकडे: पॅचआधी अमुक सालात एका वर्षाला ९० सेकंद, पॅचनंतर १५०, तोच आकार, तीच साम्राज्यं, तीन मोजण्यांची सरासरी. काळ मंदावतो की एक तारखेला थबकतो, तेही स्पष्ट लिहा.

शक्य असेल तर एक पायरी पुढे जा. त्याच सेव्हमध्ये अंतर्गत नकाशा, ताफ्यांची खिडकी, बाजार अशा एकेक गोष्टी उघडून-बंद करून पुन्हा मोजा. एखादी खिडकी बंद केल्यावर १५० चे ११० झाले, तर ती ओळ तक्रारीच्या अगदी वर टाका. ग्रुपमधल्या पाचजणांनी एकच सेव्ह आपापल्या मशीनवर मोजून पाच प्रोसेसरांची नावं आणि पाच आकडे एकाच तक्रारीखाली लिहिले, तर पाच वेगळ्या तक्रारींपेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त पडतं.